दोन घरांचा हिवाळा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी तालुका गर्भगिरीच्या डोंगररांगांलगत पसरलेला असून, सह्याद्रीने पावसाळी वाऱ्यांतील बाष्प अडवून घेतल्यावर जो कोरडा पट्टा उरतो, त्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात तो मोडतो. या कोरडेपणाचा विचार दुष्काळाच्या संदर्भात नेहमी होतो. तेथील हिवाळ्याचे मूळही त्यातच आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. दिवसा तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते आणि ती थोपवून धरणारे ढग व बाष्प हवेत नसल्याने, दुपारी सावली शोधायला लावणाऱ्या गावात पहाटे हिव वाजते. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली उतरले आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले, म्हणजे थंडीची लाट आली असे समजले जाते.

पाथर्डीतील अनेक कुटुंबांना हिवाळ्याची तयारी एका घरापुरती करून भागत नाही. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, तेव्हा मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या अशा जोडीला या व्यवसायात ‘एक कोयता’ म्हणतात. तालुक्यात आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर कारखाना असला, तरी बहुतेक टोळ्यांची वाट दूरच्या बागायती पट्ट्याकडे जाते. मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि शेळ्या. एकच अंथरूण-पांघरूण, एकच धान्याची कणगी आणि तुटपुंजा पैसा दोन ठिकाणी वाटायचा असतो, आणि ही वाटणी घरातील बाईच करते.

गावातल्या घराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, किंवा एके काळी होता. धाब्याचे घर, म्हणजे लाकडी सरांवर काटक्यांचा थर देऊन त्यावर पांढऱ्या मातीचे जाड सपाट छप्पर केलेले घर, दिवसाचे ऊन सावकाश पिऊन ते रात्री सावकाश परत करते. धाब्याची जागा पत्र्याने घेतली, तेव्हा गळतीची आणि दरवर्षीच्या डागडुजीची चिंता कमी झाली, पण ऊब गेली. पातळ पत्रा सूर्यास्तानंतर लगेच गार पडतो आणि पहाटे घरातल्याच श्वासांची वाफ त्याच्या खालच्या बाजूला निवून पाणी होते आणि अंथरुणावर ठिबकते. पत्र्याखाली तट्ट्यांचे किंवा जुन्या लुगड्यांचे छत ताणले, तर मधली कोंडलेली हवा पुष्कळ काम करते. पन्हळी आणि भिंत यांमधल्या फटी चिंध्यांनी बुजवाव्यात, परंतु चुलीच्या वरची फट उघडीच ठेवावी.

खरी कसोटी ऊसतोडीच्या ठिकाणच्या कोपीत लागते. कोपी म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर पाचट, तट्ट्या किंवा ताडपत्री घालून केलेली, वाकूनच आत शिरावे लागेल अशी झोपडी. पाथर्डीच्या माणसाला कोरड्या थंडीची सवय असते, तर ऊसपट्टा हा पाटपाण्याचा आणि नदीकाठचा सखल मुलूख. गार हवा जड असल्याने रात्री ती अशाच खोलगट जागी साचते आणि भिजलेल्या जमिनीतून ओल वर चढते. त्यामुळे कोपीत शरीराची ऊब वरून जितकी जाते, तितकीच खालूनही जाते, आणि पांघरुणाइतकाच विचार अंथरुणाचा करावा लागतो. तळाशी वीतभर कोरडे पाचट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, मग पोती आणि सर्वांत वर वाकळ, हा क्रम शहाणपणाचा आहे, कारण पाचटात अडकलेली हवा गारठा रोखते आणि कागद ओल रोखतो. वाकळ किंवा गोधडी जुन्या सुती लुगड्यांचे थर शिवून होते. ती मऊ असली तरी दमट झाली की गार पडते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ देऊन विणलेली घोंगडी अंगाला टोचते, पण लोकर बरीच ओल शोषूनही ऊब धरून ठेवते. म्हणून अंगालगत गोधडी आणि तिच्यावर घोंगडी असावी. स्वस्त, चकचकीत ब्लँकेटांच्या बाजारात घोंगडी मागे पडली आहे, हे कोपीतल्या माणसाच्या दृष्टीने नुकसानच होय.

पाचटाच्या घरात विस्तव हा सोबती आणि वैरी दोन्ही असतो. चूल कोपीपासून दूर, वारा कोपीकडून चुलीकडे वाहील अशा अंगाला मांडावी आणि रात्री तिच्यावर पाणी शिंपडावे. निखाऱ्यांचे घमेले उबेसाठी आत घेऊन दार लावण्याची सवय ताडपत्रीच्या कोपीत आणि गावातल्या बंद खोलीत सारखीच घातक आहे, कारण कोंडलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू निघतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते, तेव्हा दवाने निथळणाऱ्या पाल्यात कपडे ओले होतात आणि तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत असते. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांदरम्यान राहायला हवे. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने कुंची किंवा टोपडे ही हौस नसून गरज ठरते, आणि पाय गार लागल्यास त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. गावी राहिलेल्या वृद्धांच्या रक्तवाहिन्या थंडीने आकसून रक्तदाब वाढतो. त्यांची रोजची औषधे निघण्यापूर्वीच भरून ठेवावीत. शाळकरी मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली असून, तिच्यात पाथर्डी तालुक्याचाही समावेश आहे.

शिदोरीत बाजरीला पहिला मान असतो. ज्वारी-गव्हापेक्षा तिच्यात स्निग्धांश अधिक असतो. तिला ‘उष्ण’ म्हणण्यामागे कदाचित हेच असावे, आणि याच स्निग्धांशामुळे तिचे पीठ काही दिवसांत कडवट होते. म्हणून कारखान्यावर पीठ न नेता धान्य न्यावे आणि आठवड्यापुरतेच दळावे. हुलग्याचे पीठ मात्र टिकते. संध्याकाळी थकून आल्यावर त्याचे झणझणीत शेंगोळे एका भांड्यात होतात.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या गावी परततात, गोधड्या धुतल्या जातात, विरलेले थर उसवले जातात आणि दुपारच्या सावलीत नव्या वाकळीचे धावदोरे पडू लागतात. त्या वेळी पाथर्डीत पारा चाळिशीकडे झुकलेला असतो.