पांढऱ्या बापाची तपकिरी पिल्लं

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत एका घरी सशाची मादी व्याली. आई काळीभोर, बाप पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. सहा उघडी, गुलाबी पिल्लं. आठवडाभरात लव आली आणि रंग कळले. दोन काळी, एक पांढरं, तीन चक्क तपकिरी! घरातली चिमुरडी विचारत होती, "तपकिरी आली कुठून?"

बापाकडूनच. त्याच्यात रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, म्हणून तपकिरीचं जनुक असूनही दिसत नाही. पिल्लाला आईकडून एक चांगली प्रत मिळाली की झाकलेला रंग उघडा पडतो. पांढरं पिल्लू सांगतं की काळ्या आईतही एक निकामी प्रत लपली होती.

आपल्या माळावरचा रानससा वेगळाच. त्याची पिल्लं केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात विणारा. त्याची गुणसूत्रं ४४, रानसशाची ४८.

मादी पिल्लांजवळ बसत नाही, म्हणून घरचे घाबरले होते. ती दिवसातून एकदा-दोनदाच, जेमतेम चार-पाच मिनिटं पाजते. पिल्लांची पोटं गोल, टम्म दिसत असतील तर गाईचं दूध अजिबात पाजू नका. नराला मात्र विण्याआधीच वेगळं ठेवा. सशात बीज मीलनानंतरच सुटतं, त्यामुळे व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते आणि महिन्याभरात दुसरं वेत येतं.