एकोणसत्तर बळींचा हिशेब
नागपूर-वर्धा रस्त्यावरील जामठा येथील मैदानावर २०२५ मध्ये केरळविरुद्ध झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने एका हंगामातील ६९ बळींचा नवा विक्रम नोंदवला, तेव्हा वर्ध्यापासून बुलढाण्यापर्यंत त्याचे कौतुक झाले. आधीचा ६८ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये केला होता आणि त्यापूर्वीचा बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम ४४ वर्षे अबाधित होता.

ही ४४ वर्षे विलक्षण वाटतात. संख्याशास्त्राला मात्र त्यांचे फारसे नवल वाटत नाही. खेळाची परिस्थिती वर्षानुवर्षे सारखीच राहिली असे गृहीत धरले, तर आजवरच्या हंगामांपैकी कोणताही हंगाम सर्वोच्च ठरण्याची शक्यता समान असते, म्हणून शंभराव्या हंगामात विक्रम मोडण्याची संभाव्यता शंभरात एक एवढीच उरते. स्पर्धा जितकी जुनी, तितका विक्रम दुर्मीळ. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, त्यामुळे बेदींचा हंगाम एकेचाळिसावा होता आणि त्यांचा विक्रम चौऱ्याऐंशीव्या हंगामाअखेर टिकून राहण्याची संभाव्यता ८४ पैकी ४१, म्हणजे जवळजवळ निम्मी, येते. खरे आश्चर्य पुढे आहे: पंचाऐंशीव्या हंगामात झालेला विक्रम नव्वदाव्या हंगामापर्यंत पुन्हा मोडला जाण्याची संभाव्यता केवळ अठरात एक होती, आणि तरीही तो मोडला.

असे घडले की परिस्थिती सारखी असल्याच्या गृहीतकावरच शंका घ्यावी लागते. २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ स्पर्धेत आले आणि त्यांचा स्वतंत्र प्लेट गट झाला. अमनचे बळी याच गटातील आठ सामन्यांतले, सरासरी ६.४८, म्हणजे प्रत्येक बळीमागे सुमारे साडेसहा धावा. दुबेने दहा सामने खेळून १६.९८ च्या सरासरीने बळी मिळवले. दर सामन्यामागे अमनचे साडेआठ आणि दुबेचे सुमारे सात बळी पडतात, पण एवढ्यावरून अमनला श्रेष्ठ ठरवणे घाईचे होईल, कारण अमनसमोर प्रथमच रणजी खेळणारे संघ होते, तर दुबेसमोर उपांत्य फेरीत मुंबई होती. (विक्रमाच्या या तिन्ही धन्यांची शैली डावखुऱ्या फिरकीचीच, हा योगायोग मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही.) म्हणून जाणकार बळींची नुसती मोजणी न करता प्रत्येक गोलंदाजाची कामगिरी त्याच हंगामातील, त्याच गटातील इतर गोलंदाजांच्या कामगिरीशी ताडून पाहतात.