रिंगखालची मोकळी जागा

कॉलेज बास्केटबॉलमध्ये गाजलेली आक्रमणाची एखादी पद्धत एनबीएत आली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही इथे चालेल का? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. मैदानाची मापं, नियम, हाताशी असलेले खेळाडू आणि प्लेऑफ, अशा चार कसोट्यांवर ती पद्धत घासून पाहावी लागते. व्हान्स वॉलबर्ग यांची ‘ड्रिबल ड्राइव्ह मोशन’ घेतली, तर हे नीट उलगडतं.

वॉलबर्ग यांनी ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागात, आधी शाळेच्या आणि मग फ्रेस्नो सिटी कॉलेजच्या संघाला शिकवताना बसवली. मेम्फिस विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी ती उचलली आणि 2008 मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. 2012 मध्ये डेन्व्हर नगेट्सचे मुख्य प्रशिक्षक जॉर्ज कार्ल यांनी वॉलबर्ग यांना सहायक म्हणून घेतलं आणि या कल्पनेचा जनकच एनबीएत आला.

आधी पद्धत समजून घेऊ. बहुतेक संघांचं आक्रमण स्क्रीनवर उभं असतं. एक खेळाडू सहकाऱ्याच्या मागे लागलेल्या बचावपटूची वाट अडवतो आणि सहकारी मोकळा होतो. वॉलबर्ग यांचा हिशेब वेगळा होता. स्क्रीन लावायला खेळाडू जवळ आला, की त्याचा बचावपटूही सोबत येतो आणि चेंडूभोवती गर्दी वाढते. म्हणून या पद्धतीत स्क्रीन जवळजवळ नसतोच. चौघे जण थ्री-पॉइंट रेषेबाहेर पांगतात, त्यातले दोघे थेट कोपऱ्यात. पाचवा, उंच खेळाडू, रिंगजवळ असतो. पण चेंडू ज्या बाजूने आत शिरणार त्याच्या विरुद्ध बाजूला. मधली लेन, म्हणजे रिंगसमोरचा पट्टा, मुद्दाम रिकामी राखलेली असते.

चेंडूवाला खेळाडू आपल्या बचावपटूला चकवून त्या मोकळ्या लेनमध्ये घुसतो. मदतीला कोणीच आलं नाही, तर सरळ ले-अप. कोपऱ्यातला बचावपटू धावून आला, तर चेंडू कोपऱ्यात जातो. तिथला खेळाडू थ्री मारतो, किंवा परत धावत येणाऱ्या बचावपटूला बगल देऊन स्वतः आत शिरतो. रिंगखालचा बचावपटू पुढे सरकला, तर चेंडू त्याच्या मागच्या उंच खेळाडूकडे. आत शिरणं, बाहेर देणं, पुन्हा शिरणं ही साखळी बचाव फाटेपर्यंत चालते. ले-अप, थ्री किंवा फाउल होऊन मिळालेले फ्री थ्रो, यांतलं काहीतरी हाती लागलंच पाहिजे. मधल्या अंतरावरचे शॉट शक्यतो टाळायचे.

आता पहिली कसोटी, मापं. एनबीएची थ्री-पॉइंट रेषा माथ्याशी 23 फूट 9 इंचांवर आहे. 2008 मध्ये कॉलेजची रेषा 19 फूट 9 इंचांवर होती. रेषा चार फूट मागे गेली, म्हणजे बाहेरचा बचावपटू लेनपासून आणखी दूर आणि त्याची मदत तेवढी उशिरा. मात्र हा फायदा नेमबाजावर अवलंबून आहे. 20 फुटांवरून नेम लागणाऱ्या मुलाचा 24 फुटांवरून लागेलच असं नाही. घड्याळाची मात्र अडचण आली नाही. तेव्हा कॉलेजला शॉटसाठी 35 सेकंद मिळत, एनबीएत 24. ही पद्धत मुळातच घाईची.

दुसरी कसोटी नियमांची, आणि इथे एनबीए कॉलेजपेक्षा सोयीची ठरली. कॉलेजमध्ये झोन, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखणारा बचाव, लावून उंच बचावपटूला रिंगसमोर ठाण मांडता येतं. एनबीएत 2001 च्या हंगामापासून बचावातल्या तीन सेकंदांचा नियम आहे. हाताच्या अंतरावर असलेल्या प्रतिस्पर्ध्याला अडवत नसताना बचावपटू लेनमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबला, तर तांत्रिक फाउल लागतो. जी जागा वॉलबर्ग रचनेतून मोकळी करत होते, ती मोकळी ठेवायला नियमच मदत करू लागला.

तिसरी कसोटी, माणसं. डेन्व्हरकडे टाय लॉसनसारखा वेगवान पॉइंट गार्ड होता, आंद्रे इग्वोडाला आणि केनेथ फरीडसारखे धावणारे होते. 2012-13 मध्ये संघाने 57 सामने जिंकले, 25 हरले. लेनमधून मिळवलेल्या गुणांत तो लीगमध्ये पहिला होता आणि कार्ल वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. पण बाहेरून नेम कच्चा होता, आणि फ्री थ्रोंपैकी सुमारे 70 टक्केच आत जात. फाउल ओढून घेणाऱ्या पद्धतीला हे परवडत नाही. 2008 चा अंतिम सामना मेम्फिसने अखेरच्या मिनिटांतल्या अशाच चुकलेल्या फ्री थ्रोंमुळे हातातून घालवला होता.

आणखी एक आकडा बोलका आहे. घरच्या मैदानावर डेन्व्हरचे 38 विजय आणि 3 पराभव. बाहेर 19 विजय, 22 पराभव. शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आहे, आणि तिथल्या विरळ हवेत पळणाऱ्या संघासमोर पाहुण्यांचा दम लवकर संपतो. त्या 57 विजयांत पद्धतीचा वाटा किती आणि हवेचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

चौथी कसोटी प्लेऑफची. 82 सामन्यांच्या हंगामात प्रतिस्पर्धी रोज बदलतो; मालिकेत तोच संघ सात सामन्यांपर्यंत समोर असतो आणि प्रत्येक रचनेचा अभ्यास करून येतो. ज्याचा नेम लागत नाही त्याला तो मोकळा सोडतो आणि वाचलेला बचावपटू लेनच्या तोंडाशी उभा करतो. तीन सेकंद होण्याआधी एक पाऊल बाहेर टाकून परत यायचं, एवढंच. डेन्व्हर पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून 4-2 असा हरला आणि त्यानंतर कार्ल यांना जावं लागलं. तरी सगळा दोष आक्रमणावर टाकणं अन्यायाचं ठरेल. नेमबाज डॅनिलो गॅलिनारी गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता, आणि दुसऱ्या सामन्यात तर डेन्व्हरने घरीच 131 गुण खाल्ले. तो बचावाचा पराभव होता.

मग पद्धत चालली की नाही? अर्धी चालली. लेन मोकळी ठेवणं, कोपरे भरणं, आत शिरून बाहेर पास देणं हे आज एनबीएतला जवळजवळ प्रत्येक संघ करतो. स्क्रीन टाळणं मात्र लीगने मानलं नाही. एनबीएत बचावातही एकाहून एक खेळाडू असतात. नुसत्या ड्रिबलने त्यांना दरवेळी चकवता येत नाही. तिथे स्क्रीन लावून मंद बचावपटूला चेंडूसमोर ओढून आणावं लागतं, आणि मोकळ्या लेनचा उपयोग त्यानंतर होतो.

म्हणून नवा प्रशिक्षक नवी पद्धत घेऊन आला, की सुरुवातीच्या महिन्यातले गुण मोजत बसू नये. कोपऱ्यातल्या खेळाडूवरचा बचावपटू कुठे उभा राहतो ते पाहावं. तो कोपऱ्याला चिकटून असेल, तर पद्धतीला जागा मिळते आहे. लेनच्या तोंडाशी निर्धास्त उभा असेल, तर प्रशिक्षकाला आकृती बदलून भागणार नाही, नेमबाज शोधावा लागेल.