टिचकीने सेलचा रंग बदलणारा मॅक्रो

टिचकीने सेलचा रंग बदलणारा मॅक्रो ही मायक्रोसॉफ्ट एक्सेलमधील एखाद्या वर्कशीटला जोडलेली छोटी आज्ञावली होय. हजेरीपट, आसनव्यवस्था, कामांची यादी अशा तक्त्यांत दरवेळी रंगांच्या मेनूकडे न जाता माउसनेच सेल रंगवता यावा, हा तिचा हेतू असतो. ती व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स (व्हीबीए) या भाषेत लिहितात. एक्सेलमध्ये ही भाषा १९९३ सालच्या ५.० या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

कार्यपद्धती

सेलवरील एकेरी टिचकीसाठी एक्सेलमध्ये स्वतंत्र घटना नाही. 'सिलेक्शनचेंज' ही घटना जवळची वाटते. परंतु ती निवड बदलल्यावर घडते. त्यामुळे बाणांच्या कळांनी तक्त्यात फिरले तरी सेल रंगत जातात, आणि आधीच निवडलेल्या सेलवर टिचकी मारल्यास काहीच होत नाही. म्हणून दुहेरी टिचकीची 'बिफोरडबलक्लिक' ही घटना अधिक भरवशाची ठरते. तिची आज्ञावली त्या वर्कशीटच्याच मोड्यूलमध्ये असावी लागते. सर्वसाधारण मोड्यूलमध्ये लिहिल्यास ती आपोआप चालत नाही.

टिचकी पडलेला सेल आज्ञावलीला 'टार्गेट' या नावाने मिळतो. त्याचा सध्याचा रंग पाहून पुढचा रंग दिला जातो, उदाहरणार्थ रंगहीन, हिरवा, तांबडा आणि पुन्हा रंगहीन. 'कॅन्सल' हे मूल्य 'ट्रू' केले नाही, तर रंग बदलल्यानंतर सेल संपादनासाठी उघडतो. रंग काढताना पांढरा भरू नये, कारण त्याने सेलभोवतीच्या जाळीरेषा झाकल्या जातात. ठरावीक स्तंभांपुरताच परिणाम हवा असल्यास 'इंटरसेक्ट' वापरतात.

मर्यादा

मॅक्रोने रंग बदलताच 'पूर्ववत करा' ही सोय त्या क्षणापर्यंतच्या सर्व बदलांसाठी नाहीशी होते. चुकून पडलेल्या टिचकीने आधीच्या संपादनाची परतवाट बंद होते, ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव होय. शिवाय रंग हे सेलचे मूल्य नसते. 'काउंटइफ' सूत्राला तांबडे सेल मोजता येत नाहीत आणि रंग बदलल्याने सूत्रांची फेरगणनाही होत नाही. हजेरीसारख्या नोंदींत पुढे बेरीज करावीच लागते. तेथे मॅक्रोने सेलमध्ये 'ह' किंवा 'ग' असे अक्षर लिहावे आणि रंग सशर्त स्वरूपणाकडे सोपवावा, हे अधिक योग्य. कृष्णधवल छपाईतही अशी नोंद वाचता येते.

फाइल 'एक्सएलएसएम' प्रकारात जतन करावी लागते; 'एक्सएलएसएक्स' प्रकारात रंग टिकतात, आज्ञावली मात्र गळून पडते.