वाशिम : तीन, पाच, पंधरा की सोळा?

‘वाशिम’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं पोर सांगेल तीन : वा, शि, म. युनिकोडच्या हिशेबानं ती पाच होतात, कारण काना आणि वेलांटी तिथे सुट्या मोजल्या जातात. हाच शब्द यूटीएफ-८ पद्धतीनं फाइलमध्ये साठवला, की प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणे पंधरा बाइट लागतात. आणि सी भाषेतल्या प्रोग्रामनं तो मागून घेतला तर जागा करावी लागते सोळा बाइटची, कारण शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य बाइट येतो. चारही उत्तरं बरोबर आहेत.

हा सोळाचा आकडा ज्या दारात भेटतो, त्या दाराची ही गोष्ट आहे. ते दार ईमॅक्स नावाच्या मजकूर-संपादकाला आहे. ईमॅक्सचा पहिला अवतार १९७६ साली एमआयटीत आला आणि आज वापरतात त्या ग्नू ईमॅक्सची घडण रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली सुरू केली. त्याच्या पोटात सी भाषेतला एक गाभा आहे आणि त्यावरचा जवळजवळ सगळा पसारा लिस्प भाषेत आहे. लिस्पचा भाग चालता चालता बदलता येतो. कळ दाबल्यावर काय व्हावं, ओळ कशी रंगावी, हे लिहिता लिहिताच नव्यानं सांगता येतं. सीचा गाभा मात्र बंद होता. त्यात काही घालायचं तर अख्खा ईमॅक्स पुन्हा बांधावा लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये २५.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत डायनॅमिक मॉड्यूल आलं : सीमध्ये वेगळं लिहिलेलं, वेगळं बांधलेलं आणि चालत्या ईमॅक्समध्ये चढवता येणारं यंत्र.

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन काढणाऱ्या कुणालाही यातली युक्ती चटकन कळेल. ट्रॅक्टरच्या मागे, जोडलेली अवजारं फिरवणारा पीटीओचा शाफ्ट असतो. त्याच्या खाचा ठरलेल्या, फेरे ठरलेले, मिनिटाला ५४०. ट्रॅक्टर बनवणाऱ्याला ठाऊक नसतं की उद्या त्याला थ्रेशर जोडणार की रोटाव्हेटर, आणि थ्रेशर बनवणाऱ्यानं ट्रॅक्टरचं इंजिन कधी उघडलेलं नसतं. दोघांनी फक्त शाफ्टचं माप पाळायचं. ईमॅक्सच्या बाबतीत हे माप ‘ईमॅक्स-मॉड्यूल डॉट एच’ या एका हेडर फाइलमध्ये लिहिलेलं आहे.

आता एक मॉड्यूल बांधून पाहू. ‘अक्षर डॉट सी’ नावाची फाइल करायची. वर ते हेडर घ्यायचं आणि खाली एक विचित्र ओळ लिहायची : ‘प्लगइन इज जीपीएल कम्पॅटिबल’ या नावाचा एक पूर्णांक जाहीर करायचा, नावातले शब्द खालच्या रेघांनी जोडून. त्याची किंमत काय, हे कुणी बघत नाही. ईमॅक्स फक्त ते नाव फाइलमध्ये आहे का एवढंच शोधतो आणि नसेल तर मॉड्यूल घ्यायला साफ नकार देतो. अशा दारातून बंदिस्त, मालकीचे प्रोग्राम आत शिरतील आणि मुक्त संपादकाचा उपयोग करून घेतील, ही स्टॉलमन यांची जुनी काळजी होती. जीपीएल या मुक्त परवान्याशी मॉड्यूल जुळतं असं सांगणाऱ्या या एका नावात ती उतरली आहे. जीसीसी कंपायलरच्या प्लगइनांत हीच अट आधीपासून होती. परवान्याचा करार कागदावर न राहता यंत्राच्या तपासणीतच बसवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग येतो प्रवेशाचा भाग, ‘ईमॅक्स मॉड्यूल इनिट’ नावाचं फंक्शन. मॉड्यूल चढलं की ईमॅक्स ते एकदाच बोलावतो आणि हातात एक तक्ता देतो : नाव नोंदव, फंक्शन तयार कर, मजकूर दे, मजकूर घे, अशा सोयींची यादी. आपण त्यातून एक नवं लिस्प फंक्शन तयार करून त्याला नाव द्यायचं आणि शून्य परत करायचं. शून्य म्हणजे सगळं ठीक.

बांधताना जीसीसीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. हा स्वतंत्र प्रोग्राम नाही, वाटून वापरायची लायब्ररी आहे, ही पहिली. आणि हिचा कोड स्मृतीत कुठल्याही पत्त्यावर चालला पाहिजे, ही दुसरी. दुसरी सूचना गरजेची आहे, कारण चढेपर्यंत आपल्याला जागा कुठे मिळणार हे मॉड्यूलला कळत नाही. लिनक्सवर तयार होते ती ‘डॉट एसओ’ फाइल, विंडोजवर ‘डॉट डीएलएल’. ईमॅक्समध्ये ‘मॉड्यूल-लोड’ म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टीम ती फाइल ईमॅक्सच्या स्मृतीत जोडते आणि अर्धवट राहिलेले पत्ते भरते. तासाभरापूर्वी सुरू झालेल्या प्रोग्रामला, तो सुरू झाला तेव्हा जगात नसलेला कोड आता स्वतःच्याच अंगाचा असल्यासारखा बोलावता येतो! कितीदा पाहिलं तरी याचं नवल कमी होत नाही.

पण खरी हुशारी पुढे आहे. ईमॅक्स आपल्या पोटातल्या वस्तू मॉड्यूलच्या हातात देत नाही. देतो ते फक्त एक टोकन. त्याच्या आत काय आहे हे मॉड्यूलनं बघायचं नाही. काही हवं असेल तर तक्त्यातल्या सोयीमार्फत मागायचं. ‘वाशिम’ हवा असेल तर आधी रिकामा हात पुढे करून विचारायचं, जागा किती लागेल? उत्तर येतं सोळा. तेवढी जागा करून पुन्हा मागायचं, मग शब्द मिळतो. काम संपवून फंक्शन परतलं की ते टोकन बाद. ते जपून ठेवायचं असेल तर तशी वेगळी विनंती करावी लागते, नाहीतर ईमॅक्सची सफाई-यंत्रणा ती वस्तू केव्हाही उचलून टाकू शकते. या अंतरामुळे ईमॅक्सचं पोट आतून कितीही बदललं तरी मॉड्यूल चालत राहतं. नव्या आवृत्तीत तक्त्याच्या शेवटी सोयी वाढतात, आधीच्या सोयी जागेवरून हलत नाहीत. म्हणून जुन्या तक्त्यावर बांधलेलं मॉड्यूल नव्या ईमॅक्समध्येही चालावं, अशीच ही रचना आहे.

हे एवढं कशासाठी? मराठीपुरती दोन उदाहरणं पुरेशी आहेत. ‘माळ’ आणि ‘माशी’ हे शब्द युनिकोडच्या आकड्यांनुसार लावले तर ‘माळ’ आधी येतो, कारण तिथे ‘ळ’ची जागा ‘ल’च्या शेजारी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, म्हणजे ‘माशी’ आधी हवी. भाषेप्रमाणे क्रम लावण्याचं अवघड काम आयसीयू नावाच्या लायब्ररीत आधीच झालेलं आहे. ते लिस्पमध्ये पुन्हा लिहिण्यापेक्षा मॉड्यूलनं ती लायब्ररी ईमॅक्सला जोडून द्यावी, हे शहाणपणाचं. दुसरं उदाहरण म्हणून ‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्या. आपल्याला त्यात चार अक्षरं दिसतात. युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या सर्वसाधारण नियमानं मात्र २०२३ पर्यंत ‘ऱ्या’चे दोन तुकडे व्हायचे. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आला. असे बदल लायब्ररीवाले सांभाळतात, आपण मॉड्यूल पुन्हा बांधून घ्यायचं.

जपायचं मात्र खूप. लिस्पमध्ये चूक झाली तर ईमॅक्स तक्रार करतो आणि पुढे चालतो. मॉड्यूलमध्ये चुकीच्या पत्त्यावर हात पडला तर अख्खा ईमॅक्स कोसळतो, न जतन केलेल्या मजकुरासकट. एकदा चढलेलं मॉड्यूल उतरवता येत नाही. कोड सुधारला तर ईमॅक्स बंद करून पुन्हा सुरू करायचा. म्हणून जिथे लिस्प पुरेल तिथे मॉड्यूल लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे पुरत नाही तिथे मात्र या दारानं मोठी कामं केली. ट्री-सिटर हे कोडची रचना वाचणारं यंत्र आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस, दोन्ही आधी मॉड्यूल म्हणून लोकांनी वापरून पाहिले आणि २०२३ मध्ये २९.१ आवृत्तीत ते थेट गाभ्यात आले.

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला जैन हस्तलिखितांची जुनी भांडारं आहेत. १९३०च्या दशकात तिथून निघालेल्या ग्रंथमालेत डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला ‘पाहुडदोहा’ हा अपभ्रंश ग्रंथ १९३३ साली आला. असे ग्रंथ संगणकावर आणायचे तर शब्दसूची लावावी लागेल, अक्षरं मोजावी लागतील, आणि ही मोजणी पाच किंवा पंधरा धरून चालणार नाही. दोह्यांतल्या मात्रा मोजायला साधं लिस्प पुरे. सूचीच्या क्रमासाठी मॉड्यूल उपयोगी पडेल. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा, यांपैकी कुठल्याही गावात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे : हेडर फाइल ईमॅक्ससोबत फुकट येते, जीसीसी फुकट आहे, परवानगी कुणाची लागत नाही. सरावासाठी पहिलं मॉड्यूल फक्त आपल्या गावाच्या नावातली अक्षरं मोजणारं लिहा, आणि ते जमलं की ‘ळ’ला त्याच्या जागी बसवणारं दुसरं लिहायला घ्या.