आईचा फोटो स्वच्छ झाला, पण आई कुठे गेली?

आमच्या परिचयातील एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. कालकथित आजींचा घरात एकच फोटो. तोही एकटीचा नव्हे, तर १९७० च्या सुमारास विहारासमोर काढलेला अकरा बायकांचा. आजी डावीकडून तिसऱ्या. मागचा ध्वज आणि विहाराची भिंत स्पष्ट, पण पुढे उभ्या असलेल्या बायका धूसर. नातवाने त्या फोटोचा मोबाईलवर फोटो घेतला, ए.आय.च्या एका ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत आजी समोर उभ्या राहिल्या. पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतक्या स्वच्छ! घरात सगळ्यांना आनंद झाला. बॅनरवाल्याकडे हाच फोटो द्यायचे ठरले.

संध्याकाळी गावाहून नातवाची आत्या आली. आजींची ही धाकटी मुलगी. तिने मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बाई देखणी आहे रे बाळा, पण ही माझी आई नव्हे."

आत्याचे म्हणणे खरे होते. आजींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते, ते गेले. रंग दोन छटांनी उजळला. नाक सरळ आणि बारीक झाले. मागच्या कमानीवर विहाराचे नाव होते, मूळ फोटोत ते कष्टाने का होईना वाचता येत होते. नव्या फोटोत तिथे कोणत्याच भाषेची नसलेली अक्षरे आली.

असे का होते, हे आपल्या घराघरांतील तरुणांनी समजून घेतले पाहिजे, कारण असे फोटो आज प्रत्येक घरात सुधारले जात आहेत.

त्या काळी आपल्या वस्त्यांत आग्फा क्लिक थ्रीसारखे साधे पेटीवजा कॅमेरे असत. बारा फोटोंचा रोल, आणि फोकस कारखान्यातच कायमचा ठरवलेला. फार जवळचा माणूस त्यात धूसरच यायचा. फोकस चुकला म्हणजे काय होते? चेहऱ्यावरचा एक बिंदू फिल्मवर बिंदू म्हणून न उमटता छोटी चकती होऊन पसरतो. शेजारच्या बिंदूचीही चकती होते आणि त्या एकमेकींत मिसळतात. ही मिसळण किती झाली हे नेमके ठाऊक असेल तर गणिताने ती बरीचशी सोडवता येते. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात सोडली, तेव्हा तिच्या मोठ्या आरशाच्या कडा केसाच्या पन्नासाव्या भागाइतक्या जास्त घासल्या गेल्याचे आढळले. डिसेंबर १९९३ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत शास्त्रज्ञांनी अशाच गणिताने धूसर चित्रे निवळून घेतली. तिथे चूक नेमकी मोजलेली होती आणि मूळ चित्रात माहिती भरपूर होती. आपल्या अल्बमातल्या फोटोत चेहराच मुळी हरभऱ्याएवढा. त्यात जे उमटलेच नाही, ते गणित कुठून आणणार?

ए.आय.चा चेहरा सुधारण्याचा प्रकार इथे वेगळीच वाट धरतो. या संगणकाला आधी हजारो चेहरे दाखवून शिकवलेले असते. धूसर डाग समोर आला की तो विचारतो, असा डाग ज्याचा पडेल तो चेहरा बहुधा कसा असेल? आणि तो चेहरा काढून देतो. म्हणजे साफसफाई नव्हे, हे चित्र काढणे झाले. चेहरे सुधारणाऱ्या अनेक प्रणाली ज्या संग्रहावर शिकल्या, त्या एन्व्हिडिया कंपनीच्या २०१९ च्या संग्रहात ७०,००० चेहरे आहेत. ते सगळे फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतलेले. कपाळावर गोंदण, डोईवर पदर आणि उन्हात रापलेली आपली आजी त्यात कितीदा भेटणार? गोंदण म्हणजे त्या संगणकाच्या लेखी फोटोवरचा डाग. त्याने तो पुसला.

ही नुसती आमची शंका नाही. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी पल्स नावाची प्रणाली मांडली. सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या चेहऱ्यापासून ती १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचा चेहरा तयार करी. लोकांनी तिच्यात बराक ओबामांचा धूसर फोटो टाकला आणि बाहेर एक गोरा माणूस आला. जगभर त्यावर वाद झाला. या प्रणालीने माणूस ओळखता येत नाही, ती नसलेला चेहरा कल्पनेने उभा करते, हे संशोधकांनी स्वतःच सांगितलेले होते. आमच्या मते ओबामांचे काही बिघडले नाही. त्यांचे हजारो चांगले फोटो आहेत. आपल्या आजीचा एकच होता.

कोणी म्हणेल, पूर्वी स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत नव्हता काय? घालवत होता, गालांना लालीही लावत होता. पण तो हात फिरवलेला कळत असे. आजचा फोटो खऱ्यासारखा दिसतो आणि दहा वर्षांनी घरातल्या मुलांना तोच खरा वाटेल. बाबासाहेबांचे असे उजळलेले, रंगवलेले फोटो १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला मोबाईलवर फिरतात. त्यांतील कित्येकांत नजर बदललेली आम्हाला जाणवते. दीक्षेच्या, मोर्चाच्या, नामांतर आंदोलनाच्या गर्दीतले आपले आईबाप तर इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकात नावानिशी नाहीत. तो धूसर फोटो हीच त्यांची नोंद. तिथेही दुसऱ्याच कोणाचा चेहरा बसला, तर मग आपल्याकडे राहिले काय?

तर मग ए.आय.ला हातच लावू नये का? तसे आमचे म्हणणे नाही. ओरखडे, बुरशीचे डाग, फिकटपणा घालवायला ही साधने फार उपयोगी आहेत. फोकस किंचितच गेला असेल तर थोडी धारही आणता येते. मात्र 'फेस रिकव्हरी' किंवा तशा नावाची सोय असेल तर ती बंद ठेवावी. आधी निगेटिव्ह शोधावी, बहुतेक घरांत ती पत्र्याच्या पेटीत पडून असते. मोबाईलने फोटोचा फोटो घेतला की हात हलतो आणि काचेची चमक येते, म्हणून स्कॅनरवर निदान ६०० डीपीआयने, अगदी लहान फोटो असल्यास १२०० ने स्कॅन करावा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. मूळ स्कॅन कधीही पुसू नये, आणि सुधारलेल्या चित्राखाली 'संगणकाने सुधारलेले' असे लिहावे. आणखी एक, फुकटच्या ॲपमध्ये टाकलेला फोटो बहुधा कंपनीच्या संगणकावर जातो. लेकीबाळींचे फोटो टाकताना हे ध्यानात असू द्यावे.

त्या घरी शेवटी काय झाले? नातू थोडा हिरमुसला, पण त्याने फोटो पुन्हा नीट स्कॅन करून आणला. चेहऱ्याला हात न लावता फक्त डाग काढले, काळे-पांढरे थोडे उठावदार केले आणि बॅनर पोस्टरएवढे मोठे करण्याऐवजी लहान ठेवले. लांबून पाहिले की आजी ओळखू येत होत्या. गोंदणही दिसत होते.

वंदना झाल्यावर वस्तीतल्या एक वृद्ध आजी मूळ फोटो मागून घेऊन खिडकीशी गेल्या. चष्मा पुसून त्यांनी पाहिले आणि चेहऱ्यांवरून नव्हे, तर उभे राहण्याच्या ढबीवरून, पदरावरून एकेक नाव सांगू लागल्या. आत्याने ती नावे फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतली. अकरांपैकी सात नावे मिळाली. चार अजून बाकी आहेत. त्यातल्या एकीच्या कडेवर मूल आहे.