डिकीतला उजेड

गणपतीला अंजनवेलला येणारी गाडी बहुतेक रात्रीच पोहोचते. दीपगृहाचा झोत समुद्रावर फिरत असतो, आणि इथे डिकीत मखराच्या खोक्याखाली आजीच्या औषधांची पिशवी काही सापडत नाही. छतावरचा दिवा पुढे असतो; त्याचा उजेड मागच्या सीटच्या पाठीला अडतो.

यावर एलईडीची छोटी पट्टी उत्तम. जुना 10 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 0.8 अँपिअर प्रवाह ओढतो. दहा तास चुकून चालू राहिला, तर 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ पाव हिस्सा संपला! त्यातली बहुतेक ऊर्जा तार तापवण्यातच जाते. एलईडीत अर्धवाहकाच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन थेट प्रकाश देतात, म्हणून तेवढ्याच उजेडाला दोनेक वॅट पुरतात. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

फ्यूज मात्र हवाच, तोही बॅटरीच्या टोकाजवळ. तो दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग तोच टाळतो. आणि आपल्याकडची खारी हवा! नुसते पिळून टेप गुंडाळलेले तांबे हिरवे पडते, सांध्याचा रोध वाढतो, दिवा लुकलुकतो. सांधा सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. पट्टी डिकीच्या वरच्या कडेला, तोंड खाली करून लावावी, म्हणजे चालकाच्या आरशात चमक येत नाही.